बुटांची झिजलेली टोकं

४ फेब्रुवारी

भिंगरी,

वर काय लिहायचं यापायी तीन कागद फाडले. चिरंजीव लिहावं तर तू सहासष्ट वर्षांचा, हसशील. प्रिय लिहायला हात धजेना. शेवटी घरातलं नाव लिहिलं. या नावाने तुला हाक मारणारा आता मी एकटाच उरलोय, तेव्हा पत्र कुणाचं हे तुला पाकीट न उलटताही कळेल.

आक्का गेली. थंडीच्या सुरुवातीला, झोपेत. तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी तुझी सात पत्रं सापडली. मला मात्र ती एकेचाळीस वर्षं सांगत आली, "तो कुठे असतो मला काय ठाऊक?" थोरली बहीण असून चेहऱ्यावर कधी काही दाखवलं नाही तिने. पत्रं मी वाचली नाहीत, पत्ता तेवढा उतरवून घेतला. खरं म्हणजे एक वाचलं. अर्धं. त्यात तू काठी घेतल्याचं होतं, तिथे थांबलो.

लेक म्हणते, "बाबा, फोन करा ना काकाला, पत्र कसली लिहिताय?" मी म्हटलं, तो फोनवर गप्प बसला तर मी काय करू? पत्रावर माणूस गप्प बसला तर निदान समोर बसत नाही.

कामाचं लिहितो. लेकीला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. आम्ही तिला टिल्ली म्हणतो. दोन वर्षांपासून ती अडखळते. सपाट फरशीवर. शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणायच्या, आळशी आहे, पाय उचलत नाही. मग एका डॉक्टरने सांगितलं की नसांना सूज आहे, आणि कडक गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी पोरीचं तोंड फुगलंय, झोप उडालीय, आणि पाय होते तिथेच आहेत. आता दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई भेटल्यात. त्यांना वाटतं की ही सूज नव्हेच, हे घराण्यातून आलेलं आहे. नसा हळूहळू वाळतात आणि त्यांच्यामागे गुडघ्याखालचे स्नायू वाळतात. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाच्या पोटऱ्या अशा बारीक होत्या का?"

मी म्हटलं, वडिलांच्या होत्या, पण त्यांना वात होता.

मग म्हटलं, एक भाऊ आहे.

टिल्लीच्या रक्तात त्यांना एक बदल सापडलाय. पण तो त्यांच्या कुठल्या यादीत नाही. गुन्हेगार तोच की उगाच तिथे बसलेला आहे, हे घरातल्या दुसऱ्या दुखणेकऱ्याच्या रक्तावरून ठरेल. तोच निघाला तर कडक गोळ्या बंद. म्हणून सोबत एक कागद जोडलाय. तुझ्या गावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात दाखव. नळीभर रक्त घेतील आणि तेच इकडे पाठवतील, तुला काही करावं लागणार नाही. कागदावर पाच ओळी भरायच्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नातं जितकं लांबचं तितकी खात्री पक्की.

मी बरा आहे. माझे पाय ठणठणीत आहेत.

तुला वडिलांचा खेळ आठवतो का? दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दुकानात आपल्या तिघांना ओळीने उभं करायचे आणि टाचांवर चालायला लावायचे. कामाच्या लांब टेबलाच्या कडेकडेने उंबऱ्यापर्यंत. जो चवडा न टेकता पोचेल त्याला लिमलेटची गोळी. आक्का राणीसारखी जायची. मी पोचायचो. तू दुसऱ्या पावलाला फतकल मारायचास आणि सगळ्यात जास्त तूच हसायचास. त्या दुकानाचा वास अजून तोच आहे, चामडं, खळ आणि मेण. आज सकाळी तुझी आठवण काढत तिथे बसलो होतो, तर एक बाई म्हणाली, "काय हो, स्वतःशीच हसताय?"

पत्र मिळाल्याचं कळव. पाकिटावर घर नंबर नीट लिहिलाय ना हे मी चारदा बघितलंय.

दादा


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन आता मला बघितला की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो. काल त्याला हाक मारली तर म्हणाला, "काका, तुमचं आलं तर मी धावत आणीन, पण रोज नका विचारू, मला स्वप्नात दिसता तुम्ही." पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहितोय. कागदाची दुसरी प्रतही जोडलीय. पहिलं पोचलं असेल तर हे फाडून टाक. किंवा नको फाडू.

परवा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं. लेकीचं रक्त घेतलं. माझंही घेतलं. मी म्हटलं, माझं कशाला वाया घालवता? त्या बाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण आवाज आपल्या आईसारखा. म्हणाल्या, "आजोबा, बूट काढा."

मी म्हटलं, "पायांना वास येतो हो. चांभाराचे पाय."

"वासाची सवय आहे मला. काढा."

काढले. पँट वर करायला लावली. त्यांनी माझ्या पोटरीभोवती टेप गुंडाळला आणि आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "आता टाचांवर चालून दाखवा. दारापर्यंत."

मी उभा राहिलो. खोलीत टेबल नव्हतं. एक खुर्ची होती ती लांब, आणि भिंत दुसऱ्या बाजूला. चवडे वर उचलायला गेलो, तर ते जसे होते तसेच. मला वाटलं होतं निदान एक पाऊल तरी पडेल. टिल्ली पलंगावर बसून बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, मलाही नाही येत. घाबरू नका."

लेक बाहेर आल्यावर जिन्यात थांबली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"कुठे माहीत होतं? मी चांभार माणूस."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली. "तुम्ही चांभार आहात."

तेव्हापासून ती घरी आली की चहा ठेवते, कपबश्या विसळते आणि जाते. माझ्याशी हवापाण्याशिवाय बोलत नाही.

मागच्या पत्रात पाय ठणठणीत लिहिलं होतं, ते तसं खरं नाही.

रागावला असशील तर माझ्यावर रागाव. तो कागद मात्र पोरीसाठी आहे.

दादा


६ मार्च

भिंगरी,

आज दुकान बंद ठेवलं आणि सगळं लिहायला बसलो. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढं लिहायचं म्हणजे मोठं काम आहे. मध्ये मध्ये खाडाखोड दिसेल, ती वाचू नकोस.

बूट घेऊन आलेल्या माणसाचं तोंड बघायच्या आधी आपण तळ बघतो. वडिलांनीच शिकवलं ते. सगळ्या जगाचे बूट टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्याला झिजतात. आपल्या घरातले टोकाला झिजायचे. चवडा लोंबतो, तो जमिनीला घासू नये म्हणून गुडघा उंच उचलायचा, आणि मग पाऊल थापटी मारल्यासारखं पडायचं. टप, टप. वडील गल्लीच्या तोंडाशी आले की आई आतून म्हणायची, "आले बघ, पाणी ठेव." मला तो आवाज जगातला सगळ्यात भरवशाचा वाटायचा. बाहेरची पोरं त्यांना बगळा म्हणत, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना वात नव्हता. आजीने सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर वात म्हणायचं, घरात मुलं लग्नाची आहेत.

आणि तो खेळ खेळ नव्हता. ते आपल्याला तपासत होते. गोळी देऊन झाली की तोंड फिरवून आरीला धार लावत बसायचे, आठवतं? मला वाटायचं कामाची घाई आहे.

मी उंबऱ्यापर्यंत पोचायचो ते टेबलाची कड धरून. वडील समोर बसलेले, त्यांना माझा तो हात दिसत नसे. मी पँटच्या मागे बोटं लपवून दोन बोटांनी कड पकडायचो. हे आजवर कुणाला ठाऊक नाही. लग्नानंतर दर रविवारी दार लावून मी माझ्याच बुटांच्या टोकांना नवं चामडं चढवत आलो. लेकीच्या आईला वाटायचं नवरा किती टापटिपीचा आहे! लेकीचे बूट सातव्या वर्षापासून मी बघत होतो. तिचे टाचेला झिजायचे. मी मनात म्हटलं, सुटलो, इथे संपलं. पण नंतर तिचेही टोकाला किंचित, अगदी नखाएवढे झिजायला लागले, आणि मी तेही गुपचूप भरत गेलो. तिला कधी कळलंच नाही. बाहेरून घेतलेले बूट तिला बोचायचे, तर म्हणायची, "बाबांसारखे बूट कुणी करत नाही." मी खूश व्हायचो.

आता काचेचं.

तू काचवाल्याकडे कामाला लागलास तेव्हा मी तुला अडवायला हवं होतं. तुझ्या बुटांची टोकं मी महिन्याला बदलत होतो. तू दुकानात यायचास, बूट फळीवर टाकायचास आणि ओरडायचास, "नेहमीसारखं!" मी पुढे लोखंडी नाल मारून द्यायचो. मला वाटलं, एवढ्याने भागेल. पायाचं दुखणं मी बुटाने झाकायला निघालो होतो.

मग त्या दिवशी कपाटाचा आरसा उचलून पायऱ्या चढताना तू पडलास आणि काचवाल्याच्या भाच्याच्या हाताला टाके पडले. सगळे म्हणाले, प्यायलेला होता. रोज झोकांड्या खातो, आम्ही बघतो ना. काचवाला संध्याकाळी माझ्याकडे आला. तुझे बूट तेव्हा माझ्या मांडीवर होते. उलटे. टोकं फाटून आतलं कापड दिसत होतं.

तो म्हणाला, "तू थोरला आहेस, खोटं बोलणार नाहीस. हा पितो का?"

मी त्या तळांकडे बघत राहिलो. मला एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, हे बघा, पिणाऱ्याचे बूट असे झिजत नाहीत." त्याला कळलं असतं, हातचं काम करणारा माणूस होता तो. मी म्हणालो, "आता तो मोठा झालाय. मी काय सांगणार?"

तू दाराबाहेर उभा होतास. मला माहीत होतं. तुझी पावलं मी गल्लीच्या तोंडापासून ऐकली होती.

त्या रात्री, तू निघायच्या आधी, मी तुला सांगितलं की आक्काचं लग्न जमत होतं, घराण्याचं दुखणं उघडं पडलं असतं तर तिचं मोडलं असतं. भिंगरी, आक्काचं त्याच्या महिनाभर आधीच मोडलं होतं. तिनेच नाही सांगितलं होतं. जमत होतं ते माझं. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी येणार होते.

ती मुलगी म्हणजे लेकीची आई. चांगला संसार झाला आमचा. तिच्या शेवटच्या आजारपणात तिने माझे पाय चेपायला घेतले होते, उलटंच. म्हणाली, "किती बारीक झालेत हो." मी म्हटलं, वय.

तू गेलास तो चपला घालून. बूट माझ्याकडेच राहिले. नवी टोकं लावून फळीवर ठेवलेत. वरच्या, डावीकडून तिसरे. धूळ बसू देत नाही.

तू पिऊन नव्हतास. हे मी आता लेकीला सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. काचवाला आणि त्याचा भाचा दोघंही आता नाहीत, नाहीतर त्यांच्याकडेही गेलो असतो. गेलो असतो असं आता म्हणायला सोपं आहे, तेही मला कळतं.

दादा


२२ मार्च

भिंगरी,

एवढंच कळवायला लिहितोय की पोरीच्या गोळ्या अजून चालू आहेत. पहिला डॉक्टर म्हणतो, मध्येच थांबवल्या आणि ती सूजच निघाली तर जबाबदारी कुणाची? डॉक्टरीणबाई म्हणतात, एक नमुना आणखी हवा. माझ्या आणि लेकीच्या रक्तात तो बदल निघालाय, पण आम्ही सगळे एका ओळीत आहोत, तेवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. या ओळीबाहेरचं आमच्यात कुणी नाही. तू आहेस.

टिल्ली काल दुकानात आली. तिचा गोल चेहरा बघून कुणीतरी तिला म्हटलं, काय गुटगुटीत झालीस. ती तडक माझ्या टेबलाखाली जाऊन बसली आणि विचारलं, "आजोबा, त्या वरच्या फळीवरचे बूट कुणाचे?"

"माझ्या भावाचे."

"मग तो न्यायला का नाही आला?"

"मी त्याच्याशी वाईट वागलो."

तिने थोडा विचार केला. "सॉरी म्हटलंत?"

"तीन पत्रांत मिळून एकदाही नाही," मी म्हटलं. खरंच, आधीची पत्रं मनात उलटून बघितली तर तो शब्द कुठेच नव्हता. सगळं सांगितलं आणि तेच राहिलं.

चुकलो रे. माझं चुकलं.

दादा


९ एप्रिल

भिंगरी,

पार्सल मिळालं. पोस्टमन खरोखर धावत आला. स्वतःच्या घरचं असल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "उघडा, उघडा."

दोरी सोडली तर आत बूट. तपकिरी, बाजारातले, शिवण निघालेली. चिठ्ठी नाही. खोक्याचा पुठ्ठा उलटा करून बघितला, नाही. पोस्टमन हिरमुसला. म्हणाला, "एवढ्या दिवसांनी जुने बूट पाठवले?" त्याला काय कळणार. मी ते मांडीवर उलटे घेतले.

उजवं टोक डाव्यापेक्षा जास्त गेलंय, म्हणजे काठी डाव्या हातात. टाचा कोऱ्या आहेत. बाहेरची कड सरळ रेषेत घासलीय, म्हणजे पायांना आधाराचे पट्टे लावलेस आणि ते तुला बसत नाहीत, बाहेर झुकतात. पण तळाला बारीक खडी रुतलीय, दोन वेगवेगळ्या रंगांची. म्हणजे चालतोस. रोज चालतोस आणि लांब चालतोस. मला एवढं बरं वाटलं की पोस्टमनला बसवून चहा पाजला.

मग कामाला घ्यायचे म्हणून हात आत घातला. वडिलांचा नियम तू विसरला नव्हतास, रिकामा बूट कुणाच्या हाती द्यायचा नाही, टोकात कागद भरायचा म्हणजे आकार राहतो. उजव्यात वर्तमानपत्र होतं. डाव्यात घडी केलेला तो कागद. दवाखान्याचा शिक्का आहे. रक्त दिल्याची तारीख आहे, १२ फेब्रुवारी.

१२ फेब्रुवारी. माझं पहिलं पत्र मिळालं तेव्हाच तू जाऊन आला होतास. तिकडच्या दवाखान्याने नमुना अडकवून ठेवला असणार आणि मी इकडे दोन महिने तुला विनवत बसलो. बूट मात्र तू शेवटच्या पत्रानंतर पाठवलेस, हे मला कळलं.

खाली पाच ओळी तुझ्या अक्षरात. घरात आणखी कुणाला हा त्रास होता, त्यात तू लिहिलंस, वडील. त्याखाली, थोरला भाऊ. कधीपासून, याच्यापुढे, "लहानपणापासून. टाचांवर चालताना टेबलाची कड धरायचा. त्याला वाटायचं कुणाला दिसत नाही."

हे तू १२ फेब्रुवारीला लिहिलंस. मी कबूल केलं त्याच्या तीन आठवडे आधी.

म्हणजे काचवाल्याने दारूचं विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं. तू आत येऊन एकच वाक्य बोलायचं होतंस, "दादालाही टाचांवर चालायला सांगा." माझं लग्न तिथल्या तिथे मोडलं असतं आणि तू सुटला असतास. तू दाराबाहेर उभा राहिलास आणि चपला घालून निघून गेलास. एकेचाळीस वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी एकटाच गप्प बसलो होतो.

मी तो कागद हातात धरून टेबलापाशी बसलो होतो. लेक आली. तिने माझ्या हातातून तो घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग चहा ठेवला, आणि या खेपेला स्वतःसाठीही कप काढला.

दादा


१७ मे

भिंगरी,

तुझ्या रक्तातही तोच बदल निघाला. डॉक्टरीणबाईंनी लेकीला फोनवर सांगितलं आणि मला नीट कळावं म्हणून पुन्हा हळू सांगितलं. आता तो त्यांच्या यादीत जाईल. आपल्या घराण्याचं यादीत जाण्यासारखं पहिलंच काही. टिल्लीच्या गोळ्या एकदम नाही, हळूहळू उतरवतायत. तोंड अजून गोल आहे पण परवा रात्रभर झोपली. हे दुखणं बरं होत नाही, हे त्यांनी सांगितलं, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण पट्टे, व्यायाम आणि नीट बूट यांवर ती चांगली चालेल म्हणाल्या. बुटांचं मी बघतो म्हटलं. पट्टे करणाऱ्या माणसाशी माझी रोज भांडणं होतात. तो मला उस्ताद म्हणतो, चेष्टेत.

खेळाच्या बाईंना लेकीने कागद नेऊन दाखवला. टिल्ली वर्गात स्वतःच सांगते, "माझ्या पणजोबांपासून आहे." अभिमानाने सांगते, काय करणार!

आता दर रविवारी मी दार उघडं ठेवून टोकं बदलतो.

तुझे बूट झालेत. तपकिरी आणि फळीवरचे, दोन्ही. टपालाने पाठवत नाही, हरवतील. लेक म्हणते, बाबा, शनिवारी मी सोडते गाडीने, टिल्लीलाही यायचंय, तिला काका-आजोबा कसे चालतात ते बघायचंय. मी म्हटलं, माझ्यासारखाच.

तुझ्या घराला जिना आहे का? असला तर कठडा कुठल्या बाजूला आहे? की कठडाच नाही? तेवढं उलट टपाली कळव, म्हणजे मला जिवाला घोर लागणार नाही.

नाही कळवलंस तरी येतो. खालून हाक मारीन. तू दारात येऊन उभा राहा, पावलांवरून कळेलच.

दादा